हरिकेन सीझन आणि घरची तयारी: थांबायचं की निघायचं?

शेवंती_टॅम्पा

नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही न्यू जर्सी सोडून फ्लोरिडात टॅम्पाला आलो. १ जूनला हरिकेन सीझन सुरू झाला, तो ३० नोव्हेंबरपर्यंत चालणार. घरात आम्ही दोघं, सात वर्षांची लेक, आणि ऑगस्टमध्ये पुण्याहून सासू-सासरे येताहेत. सासऱ्यांना इन्सुलिन चालू आहे, सासूबाईंचे गुडघे फार दुखतात. घर एकमजली, सिमेंटच्या ब्लॉकचं, साधारण पंचवीस-तीस वर्षांचं. टॅम्पा बे ही समुद्राची खाडी गाडीने दहा मिनिटांवर.

शेजारचे आजोबा सांगतात, टॅम्पाला काही होत नाही, मूळच्या टोकोबागा लोकांचे दफनाचे टेकाड गावाला राखतात. ऐकायला छान वाटतं, पण २०२४ ची हेलीन आणि मिल्टन ही वादळं बातम्यांत पाहिलीत, त्यामुळे झोप लागत नाही. पाणी, खिडक्या, जनरेटर, औषधं याबद्दल अनुभव सांगा. पण मुख्य प्रश्न हाच, की घरात थांबायचं की निघायचं हे कशावरून ठरवायचं, आणि कधी?

पिनेलसकर

शेवंती, धागा वेळेवर काढलात. मी टॅम्पाच्या खाडीपलीकडे, सेंट पीटर्सबर्गला बरीच वर्षं आहे.

सगळ्यात आधी काउंटीच्या संकेतस्थळावर घरचा पत्ता टाकून इव्हॅक्युएशन झोन बघा. ए, बी, सी अशी अक्षरं असतात, ए सगळ्यात आधी रिकामा करतात. इथे बरेच जण गल्लत करतात. घर घेताना बँकेने सांगितलेला फ्लड झोन वेगळा आणि इव्हॅक्युएशन झोन वेगळा. पहिला विम्यासाठी, दुसरा जिवासाठी. फ्लड झोन एक्स, म्हणजे पुराचा धोका कमी, आहे म्हणून निर्धास्त असलेली आणि तरीही इव्हॅक्युएशन झोन बी मध्ये येणारी घरं आमच्या ओळखीत आहेत.

इथे सगळे एक सूत्र पाळतात: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. समुद्राचं पाणी आत येणार असेल तर निघायचंच, घर कितीही भक्कम असो. नुसता वारा असेल आणि घर बऱ्यापैकी नवं, पक्कं असेल तर आतल्या खोलीत थांबता येतं. मोबाइल होम असेल तर झोन कुठलाही असो, बाहेर पडायचं.

आजोबांच्या टेकाडाबद्दल. टॅम्पा बेला थेट मोठा तडाखा शेवटचा बसला तो १९२१ साली. २००४ मध्ये चार्ली टॅम्पाकडे येणार म्हणत होते, ते आधीच वळून पुंटा गोर्डाला धडकलं. २०२२ मध्ये इयनचंही तसंच झालं, वळलं आणि २८ सप्टेंबरला दक्षिणेला काही तासांत फोर्ट मायर्स बीच होत्याचं नव्हतं झालं. आपण वाचलो ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जाऊन. टेकाडावर भिस्त ठेवू नका.

गच्चीवरचा_गडी

थोडा वेगळा सूर लावतो. ब्लॉकचं घर आहे, वर छप्पर नीट असेल तर कॅटेगरी १ किंवा २ ला एवढं घाबरायचं कारण नाही. दर वेळी पळापळ केली तर वर्षाला चारदा बॅगा भराव्या लागतील. कॅटेगरी ३ च्या पुढे गेलं की बघू.

पिनेलसकर

@गच्चीवरचा_गडी, नेमकं इथेच माणसं फसतात. तो आकडा फक्त वाऱ्याच्या वेगाचा आहे. ताशी ७४ मैलांना कॅटेगरी १, १११ ला ३, १५७ ला ५. पाणी किती चढेल, पाऊस किती पडेल, वादळाचा घेर केवढा, यातलं काहीच त्या आकड्यात नाही.

हेलीन २६ सप्टेंबर २०२४ ला किनाऱ्यावर उतरलं ते इथून खूप वर, फ्लोरिडाच्या उत्तरेकडच्या बिग बेंड किनाऱ्याला. आमच्यापासून त्याचा डोळा, म्हणजे मधलं शांत केंद्र, शंभर मैलांहून लांब समुद्रातून गेला. आमच्याकडे वारा काही फार नव्हता. पण टॅम्पा बेत सहा फुटांहून जास्त पाणी चढलं, इथल्या मापन केंद्रांच्या नोंदीतलं सर्वांत जास्त. आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरांत रात्री पाणी शिरलं ते खिडकीतून नाही, जमिनीलगत, दाराच्या फटीतून आणि बाथरूमच्या ड्रेनमधून. सकाळी भिंतीवर कमरेएवढी चिखलाची रेघ होती. फ्रिज आडवा होऊन तरंगत स्वयंपाकघराच्या दारात अडकला होता.

मग दोन आठवड्यांत मिल्टन आलं. ते थेट टॅम्पा बेवर येईल असा अंदाज होता, पण ९ ऑक्टोबरला सिएस्टा की या बेटावर उतरलं. थोडंसंच दक्षिणेला गेलं, तर बेमधलं पाणी उलट बाहेर ओढलं गेलं, तळ उघडा पडला. पण सेंट पीटर्सबर्गला अठरा इंचांहून जास्त पाऊस झाला आणि समुद्रापासून लांबच्या लोकांच्या घरात पावसाचं पाणी शिरलं. दोन्ही वादळं कॅटेगरीच्या आकड्यावर तोलली असती तर दोन्ही वेळा अंदाज चुकला असता.

ह्यूस्टनकर

पिनेलसकरांना पूर्ण अनुमोदन. कॅटेगरी १ म्हणजे काय ते टेक्सासातल्या ह्यूस्टनला विचारा. बेरिल, ८ जुलै २०२४. उतरलं तेव्हा कॅटेगरी १ च होतं. वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, आणि ती कित्येकांकडे आठवडाभर आली नाही. जुलैतलं ह्यूस्टन, एसी बंद, घरात म्हातारं माणूस. वारा गेल्यावर उन्हाने माणसं गेली. शेवंतीताई, सासू-सासरे घरी असतील तर हा धोका आधी डोळ्यापुढे ठेवा.

आणि २०१७ चं हार्वे. ते उतरलं रॉकपोर्टला, आमच्यापासून दूर. आमच्याकडे आला तो नुसता पाऊस, दिवसामागून दिवस. टेक्सासातल्याच नेदरलँड नावाच्या गावी साठ इंचांहून जास्त मोजला. साठ इंच म्हणजे दीड हजार मिलिमीटर, पुण्याचे दोन पावसाळे. आमच्या भागात वर धरणाचं पाणी सोडलं आणि ज्या घरांत कधी थेंब आला नव्हता तिथे गुडघाभर पाणी झालं.

तेव्हा फ्लड इन्शुरन्स घ्या. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं पाणी धरत नाहीत. सरकारी पुराचा विमा घेतल्यावर तो लागू व्हायला साधारण ३० दिवस लागतात, म्हणून वादळ नकाशावर दिसल्यावर फोन करून उपयोग नसतो. आत्ता जून आहे, आत्ताच घ्या. शिवाय तुमच्या घराच्या विम्यात हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे नुकसानातला आपण भरायचा वाटा, किती टक्के आहे तेही बघा. ते नेहमीच्या डिडक्टिबलपेक्षा वेगळं असतं. घराचा विमा ४ लाख डॉलरचा आणि डिडक्टिबल २ टक्के असेल तर पहिले ८ हजार तुमचे.

पागोळी

विम्यावरून: सीझनच्या आधी मोबाइल घेऊन घरभर फिरा आणि व्हिडिओ काढून ठेवा. कपाटं, खण, फ्रिजच्या मागचा नंबर, दागिने, सगळं. बोलत बोलत काढा, काय कधी घेतलं ते. क्लाउडवर ठेवा. नंतर दावा करताना "टीव्ही केवढा होता" इथपासून प्रश्न येतात आणि तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं.

गच्चीवरचा_गडी

बेरिलचा मुद्दा पटला. ब्लॉकच्या भिंती उन्हाला काही करू शकत नाहीत.

काकवी

मी खाण्याचं बोलते, कारण इथल्या याद्यांत सगळं टूना आणि बीन्सचे डबे असतं आणि आपल्या घरचे म्हातारे ते तोंडाला लावत नाहीत.

फ्लोरिडात बहुतेक घरांत शेगडी विजेची. म्हणजे वीज गेली की चहासुद्धा नाही. कॅम्पिंगची गॅसची छोटी शेगडी ठेवा, पण ती बाहेर, उघड्यावरच पेटवायची, घरात किंवा गॅरेजमध्ये नाही. आणि विस्तवाशिवाय होणारं काय काय आहे ते बघा:

पातळ पोह्यांचे दडपे पोहे. नारळ नसला तर डेसिकेटेड कोकोनट पाण्याचा हबका मारून वापरा, कांदा, लिंबू, फोडणी आधीच करून बाटलीत भरलेली. सातूचं पीठ दुधाच्या पावडरीत कालवून गूळ घालून. मेतकूट-पोहे. दशम्या दुधात भिजवलेल्या, तीन-चार दिवस आरामात टिकतात. तिखटमिठाच्या पुऱ्या. शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, राजगिऱ्याचे लाडू. वादळाच्या आदल्या दिवशी सगळं करून ठेवायचं. सासऱ्यांना मधुमेह आहे तर गोड बेताने, पण साखर एकदम उतरली तर द्यायला ग्लुकोजच्या गोळ्या किंवा ज्यूसचे छोटे पॅक हाताशी हवेतच.

पाणी माणशी रोज एक गॅलन धरतात. तुम्ही पाच जण, सात दिवस, म्हणजे ३५ गॅलन. हे फक्त पिण्याचं आणि जुजबी वापराचं. संडासात टाकायला टब भरून ठेवा.

वाफाळता_चहा

काकवीताई, तुमच्या घरी वादळात अडकायला मिळालं तर मी आत्ता बॅग भरतो. 😄

काकवी

या की, पण येताना ३५ गॅलनमधला तुमचा वाटा घेऊन या. 😄

नीरज_एडिसन

शेवंती, जर्सीहून गेलात म्हणजे सँडी ऐकलं असेलच. २९ ऑक्टोबर २०१२. आमच्याकडे वीज गेल्यावर पेट्रोल पंप बंद, कारण टाकीत पेट्रोल असून वर ओढायला वीज नाही. रांगा मैलभर. मग सरकारने सम-विषम नंबरप्रमाणे पेट्रोल दिलं. तेव्हापासून आमच्या घरी सीझनमध्ये गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही. रोख पैसेही ठेवा, लहान नोटा. कार्डाची मशिनं चालत नाहीत आणि वीसची नोट दिली तर सुटे नसतात.

गाडी इलेक्ट्रिक असेल तर खाऱ्या पाण्यात बुडू देऊ नका. पाणी ओसरल्यावरसुद्धा बॅटरी पेट घेऊ शकते. गॅरेजमध्ये न ठेवता उंचावर नेऊन लावा.

जास्वंद

जनरेटर घ्यावा का? आमच्याकडे यावरून घरात दोन तट आहेत.

ह्यूस्टनकर

@जास्वंद, घ्या, पण नियम पाळणार असाल तरच. घरापासून निदान २० फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. गॅरेजमध्ये शटर उघडं ठेवूनसुद्धा नाही, बाल्कनीत नाही, खिडकीखाली नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेलं माणूस उठत नाही. २०२० मध्ये लुइझियानात लॉरा वादळ येऊन गेल्यावर जनरेटरच्या धुराने घरंच्या घरं दगावली. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीबाहेर लावा, वीस-तीस डॉलरला मिळतो. आणि जनरेटर भिंतीच्या प्लगमध्ये उलटा जोडू नका. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेततं.

जास्वंद

आमच्याकडे छोटी पोर्टेबल बॅटरी घ्यायचं ठरतंय मग. एक पंखा, फोन, आणि बाबांचं सीपॅप (झोपेत श्वासाला मदत करणारं यंत्र) एवढंच चालवायचं आहे.

खारवी

मी अमेरिकेत नाही, श्रीवर्धनजवळचा. पण ३ जून २०२० ला निसर्ग आमच्या डोक्यावरून गेलं, म्हणून लिहितो.

दुपारी वारं सुटलं ते पोफळी एकदम कमरेत मोडायला लागल्या. माड मुळासकट. घराची कौलं पत्त्यांसारखी उडाली. मग मध्येच एकदम शांत झालं. पोरं म्हणाली संपलं, गुरं बघायला जातो. आमच्या आजीने दाराला आडणा घातला आणि कुणाला सोडलं नाही. थोड्या वेळाने वारं उलट्या अंगाने आलं, आणि जे पहिल्या झपाट्यात नुसतं खिळखिळं झालं होतं ते दुसऱ्यात पडलं. तुमच्याकडेही डोळा वरून गेला तर हेच होणार. शांत झालं म्हणून बाहेर पडू नका. रेडिओवर सांगेपर्यंत थांबा.

दुसरं सांगायचं ते नंतरचं. वीज यायला कित्येक आठवडे गेले. वीज नाही म्हणून विहिरीचा पंप नाही, मोबाइलचे टॉवर पडले म्हणून मुंबईतल्या पोरांना आम्ही जिवंत आहोत हेही कळेना. आणि ताडपत्री कुठे मिळेना. पाऊस तोंडावर, डोक्यावर छप्पर नाही. तेव्हा ताडपत्री, दोरी, खिळे आधीच घरात ठेवा. हे काही महाग नाही, पण नंतर पैसे देऊनही मिळत नाही.

पिनेलसकर

खारवीदादा, फार मोलाचं लिहिलंत. इथेही वादळानंतर गावंच्या गावं निळ्या ताडपत्र्यांनी झाकलेली दिसतात. पण छपरावर स्वतः चढू नका. ओल्या छपरावरून घसरून दुखापती होतात त्या वादळ गेल्यावर.

नीरज_एडिसन

संपर्कावरून: राज्याबाहेरचा एक माणूस ठरवा. सगळ्यांनी त्यालाच मेसेज करायचा. फोन लागत नाही तेव्हाही टेक्स्ट मेसेज बऱ्याचदा जातो. आमच्याकडे हे काम पुण्याच्या मावशीकडे आहे. तिचा व्हॉट्सॅप ग्रुप म्हणजे आमचा कंट्रोल रूम.

पागोळी

खिडक्यांचं राहिलं. काचेला चिकटपट्टीचे काट मारतात त्याचा काही उपयोग नाही, उलट काच मोठ्या तुकड्यांत फुटते. शटर किंवा प्लायवुड. प्लायवुड आधीच मापाने कापून, प्रत्येकावर खिडकीचा नंबर लिहून गॅरेजमध्ये ठेवा. "हवेचा दाब सारखा व्हावा म्हणून एक खिडकी उघडी ठेवा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. वारा आत शिरला की छप्पर वर उचलतो. म्हणूनच गॅरेजचं दार महत्त्वाचं, तेच सगळ्यात कच्चं असतं. अँड्र्यूने १९९२ मध्ये दक्षिण फ्लोरिडा उद्ध्वस्त केल्यावर बांधकामाचे नियम कडक झाले आणि २००२ पासून ते राज्यभर लागू झाले. तुमचं घर त्याआधीचं आहे, शेवंती. छपराला भिंतीशी बांधणाऱ्या पट्ट्या आहेत का, ते तपासून घ्या. तपासणीचा कागद विम्यात सवलतीसाठीही चालतो.

अंगणातल्या कुंड्या, खुर्च्या, तुळशीवृंदावन, सगळं आत.

शेवंती_टॅम्पा

किती लिहिलंत सगळ्यांनी. नवऱ्यालाही वाचायला दिलं. झोन बघितला, आमचा बी आहे. म्हणजे निघण्याची तयारी ठेवायलाच हवी. आमचं ठरत होतं की आदेश आला की अटलांटाला चुलत दिराकडे जायचं. आठ तासांत पोचू ना?

ह्यूस्टनकर

नेहमी सात-आठ तास, त्या दिवशी सांगता येत नाही. २००५ मध्ये कतरिना नुकतंच होऊन गेलेलं, आणि रिटा येतंय म्हटल्यावर ह्यूस्टन सगळं एकदम रस्त्यावर आलं. माणसं भर उन्हात वीस-वीस तास गाडीत अडकली. पेट्रोल संपलं, एसी बंद. वादळापेक्षा त्या प्रवासात जास्त बळी गेले. म्हाताऱ्या माणसांना घेऊन ते नको.

पिनेलसकर

शिवाय हेलीन वर गेलं ते अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियातूनच, आणि पुढे नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात ॲशव्हिलला पूर आला. वादळाच्या पुढे पुढे पळत राहण्यात अर्थ नाही. इथलं प्रशासन सांगतं, शेकडो मैल नको, दहा-वीस मैल पुरे. तुम्हाला फक्त पाण्याच्या झोनबाहेरचं एक पक्कं घर हवंय. लेकलँड, प्लँट सिटीच्या बाजूला कुणी ओळखीचं आहे का? समुद्राचं पाणी तिथे पोचत नाही. त्यांच्या घराच्या आसपास तळं, नदी, सखल जागा नाही एवढं बघा.

आणि कधी निघायचं तो प्रश्न. वादळी वारे सुरू होण्याच्या साधारण ४८ तास आधी वॉच (वादळाची शक्यता आहे) आणि ३६ तास आधी वॉर्निंग (वादळ येणार) देतात. वॉच आला की टाकी भरा, औषधं घ्या, बॅगा दाराशी. तुमच्या झोनचा आदेश आला की निघा, शेजारी काय करतात ते न बघता. घरात वयस्कर माणसं असल्यामुळे मी तर म्हणेन आदेशाची वाट न बघता वॉचवरच, दिवसाउजेडी निघा. नकाशावर दिसणारा पांढरा कोन म्हणजे वादळाचं केंद्र बहुधा त्या पट्ट्यातून जाईल एवढंच. तीनातल्या एका वेळी ते कोनाबाहेरही जातं. आपण कोनाबाहेर आहोत म्हणून थांबू नका.

जास्वंद

इन्सुलिनबद्दल, मी फार्मसीत काम करते म्हणून. न उघडलेलं फ्रिजमध्ये, पण चालू असलेलं पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे बाहेर चालतं, तापमान ३० अंशांच्या आत असलं तर. वीज गेलेलं फ्लोरिडातलं घर त्याच्या वर जातं. पाण्यात भिजवून वापरायच्या इन्सुलिनच्या गार पिशव्या मिळतात, बर्फ लागत नाही. बर्फाला थेट चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. सासऱ्यांना येताना जास्तीचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगा, त्यावर ब्रँडच्या नावासोबत औषधाचं मूळ नावही हवं. त्यांच्या प्रकाराला नेमकं काय लागू आहे ते पुण्याच्या डॉक्टरांनाच विचारा.

फ्रिजचं: न उघडता चार तास. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास. पाण्याच्या बाटल्या गोठवून फ्रीजर भरून टाका, नंतर प्यायला होतात.

पागोळी

सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट, व्हिसाचं पान, ट्रॅव्हल इन्शुरन्सचा कागद झिपलॉकमध्ये, तुमच्या कागदांबरोबर. आणि रस्त्यावर पाणी दिसलं तर गाडी घालू नका. सहा इंच वाहतं पाणी माणसाला पाडतं, फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगते.

शेवंती_टॅम्पा

प्लँट सिटीला नवऱ्याच्या ऑफिसमधलं एक मराठी कुटुंब आहे. काल फोन केला, त्यांनी आनंदाने हो म्हटलं, घर २०१५ चं, जवळ ओढा-तळं नाही. सासूबाईंना जिना नको म्हणून त्यांनी खालची खोली देऊ केली. अटलांटा रद्द. फ्लड इन्शुरन्सचे कागद आज भरले. गार पिशवी मागवली. लेकीने स्वतःची बॅग भरली, त्यात तीन पुस्तकं आणि टॉर्च.

एकच राहिलं: वादळ चालू असताना त्यांच्या घरी आम्ही आठ-नऊ जण असू. नेमकं कुठे बसायचं?

पिनेलसकर

तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या आतल्या जागेत. कोठीची खोली, आतलं बाथरूम किंवा मधला पॅसेज. मिल्टनच्या दिवशी वादळ किनाऱ्याला लागायच्या आधीच पूर्वेकडे सेंट लुसी काउंटीत टोरनॅडो उठले होते आणि माणसं गेली, तेव्हा फोनवरचे अलर्ट बंद करू नका. सगळ्यांच्या पायात बूट हवेत, फुटलेल्या काचांसाठी. लेकीचं सायकलचं हेल्मेट घेऊन जा. सासूबाईंना जमिनीवर बसता येणार नाही, एक हलकी घडीची खुर्ची त्या पॅसेजमध्ये आधीच नेऊन ठेवा.